लांबून दिसणारं जॅकेट

६ जुलै, रविवार

निकेशदादाची मोटरसायकल मला मिळाली. दादा पुण्याला कंपनीत लागल्यापासून ती घरापुढच्या सपरीत पोत्याखाली उभी होती आणि तिच्यावर कोंबड्या बसत होत्या. काकांचा मनिष ती दुधाच्या कॅनसाठी मागत होता. पण सानगडीहून निघणारी एसटी लाखांदूरला पोचते तोवर कॉन्व्हेंटची प्रार्थना संपलेली असते, आणि रोज उशिरा येणारी विज्ञानाची मॅडम कोणतीही शाळा फार दिवस ठेवत नाही. हे मी बाबांना मुद्देसूद पटवून दिलं.

बाबांच्या अटी: पोळ्यापर्यंत बघायचं. सरळ जायचं, सरळ यायचं, मधात कुठं थांबायचं नाही. काही झालं किंवा कोणी काही सांगत आलं, तर गाडी मनिषची आणि मी एसटीची.

काही होणार नाही. अपघात अज्ञानामुळे होतात. मी बी.एस्सी. आहे.

संकल्प: रेनकोट आणि जॅकेट शास्त्रशुद्ध निवडायचं. दुकानदार म्हणेल ते नाही.

८ जुलै, मंगळवार

भरपूर वाचलं. दिवसा माणसाच्या डोळ्यात सगळ्यात आधी भरतो तो झगझगीत पोपटी-पिवळा. अंधारात रंगाचा उपयोग नाही, तिथे चंदेरी पट्टी हवी. ती समोरच्या गाडीचा उजेड तिच्याकडेच परत पाठवते. आणि वॉटरप्रूफ लिहिलेलं सगळं वॉटरप्रूफ नसतं. शिवणीला आतून टेप असेल तरच.

आईला समजावलं. तिने विचारलं, टेप भिजत नाही काय? चांगला प्रश्न आहे. उत्तर शोधायचं आहे.

बाबांचं म्हणणं, पाण्यापावसात धानाच्या साऱ्या बांध्याच पोपटी असतात, त्यात पोपटी पोरगी कोणाले दिसंल? मी हसले. अनुभव वेगळा, विज्ञान वेगळं. नंतर बराच वेळ खिडकीतून धानाच्या रोपांकडे बघत बसले. रंग अगदी तोच आहे. पण तोवर ऑर्डर गेली होती.

१३ जुलै, रविवार

पार्सल आलं. रेनसूट पोपटी रंगात माझ्या मापाचा नव्हता म्हणून काळा घेतला. त्यावर घालायचं जॅकेट मात्र पोपटी, छातीवर आणि पाठीवर चंदेरी पट्ट्या. काळ्यावर पोपटी जास्तच उठून दिसतो, म्हणजे फायदाच झाला.

अंगणात चाचणी घेतली. सूट घालून मी उभ्या गाडीवर बसले, हेल्मेट लावलं आणि आईला समोरून पाणी मारायला सांगितलं. पहिली बादली तिने भीत भीत मारली. तिसरीपासून तिला मजा येऊ लागली. शेजारच्या सुलोचनाबाई येऊन बघून गेल्या आणि काय नवस हाय का म्हणून विचारून गेल्या.

निष्कर्ष: पाणी मानेतून आत गेलं. एकदा आत गेलेलं पाणी नंतर बाहेर मात्र अजिबात आलं नाही, पायात साचून राहिलं. म्हणजे कापड शंभर टक्के वॉटरप्रूफ आहे. दोष मानेचा.

१४ जुलै, सोमवार

पहिला दिवस. अभूतपूर्व.

धानाच्या रोवणीतल्या बाया एकजात कंबर सरळ करून माझ्याकडे बघत होत्या. ज्या रोवणीत मान वर करायला फुरसत नसते तिथे हे घडलं. पुढे हेल्मेट नसलेले दोघे मला लांबून पाहून चक्क शेताकडच्या पांदणीत वळले. तिसऱ्याने गाडी थांबवून डिकीतून हेल्मेट काढलं आणि घातलं. एक जॅकेट एवढी जागृती करू शकतं.

खुशबू म्हणते, त्यांना पोलिसांचं चेकिंग वाटलं असेल. ती दिघोरीहून माझ्या मागे बसते, पण शेवटी हिंदीची मॅडम आहे. तिचा निरीक्षणाचा अभ्यास नाही.

संध्याकाळी मनिष भेटला. म्हणाला, "तेजस्विनीताई, आता खरी नावासारखी दिसून राहिली." कौतुक समजून घेतलं.

१९ जुलै, शनिवार

बाबांना सगळं कळतं. मंगळवारी मी पेट्रोल पंपावर खुशबूशी बोलत उभी होते, कळलं. बुधवारी पुलावर गाडी थांबवून बगळ्यांचा फोटो काढला, कळलं. काल हेल्मेटची काच वर होती, तेसुद्धा कळलं. रोज जेवताना बाबा भाकर मोडतात आणि म्हणतात, तुमची तेजू दिसली होती म्हणे.

वाईट वाटून घ्यायचं नाही. दिसणं हाच जॅकेटचा उद्देश. तो सफल होतो आहे. कदाचित थोडा जास्त.

२८ जुलै, सोमवार

श्रावणाचा पहिला सोमवार. उपवास केला होता. येताना असा पाऊस आला की समोरचं दिसेना. अशा वेळी थांबणं हा सुरक्षेचाच भाग आहे. थांबलो ती जागा नेमकी फाट्यावर सुंदरबाईंच्या टपरीची निघाली. आलूबोंडे कढईतून तेव्हाच निघत होते. दुसऱ्याच्या छपराखाली रिकामं उभं राहणं बरं दिसत नाही, म्हणून एक घेतला. तर्री खुशबूने आणली. दुसरा मी का घेतला ते आठवत नाही.

घरी पोचले तर आई दारात. माझी भगर झाकून ठेवलेली. तिने ताट पुढे केलंच नाही. बाबा एवढंच म्हणाले की पोळा आता लांब नाही.

मी सांगितलं की पाऊस होता, दृश्यमानता शून्य होती. मनिष सपरीत गाडीचा टायर दाबून बघत होता, तिथूनच बोलला, "ताई, ते जॅकेट काढून खाल्लं असतं तं कोणालेच समजलं नसतं."

त्याने गाडीचा टायर कायले दाबून बघावा?

१२ ऑगस्ट, मंगळवार

चंदेरी पट्ट्या पाण्याने खराब होतात असं कुठेतरी वाचलं. कुठे ते सापडत नाही. पण जपायला हवं, म्हणून आजपासून जॅकेट आत आणि त्यावर दादाचा जुना रेनकोट. रंग ओल्या मातीचा. जॅकेट अंगात आहेच, त्यामुळे शास्त्रीयदृष्ट्या काही बदललेलं नाही.

कोणीच पाहिलं नाही. एकाही बाईने मान वर केली नाही. टपरीवर सुंदरबाईंनी मला, कोनच्या गावची वो तू, असं विचारलं. खुशबू आणि मी दोन दोन खाल्ले.

रात्री बाबांनी भाकर मोडली आणि काहीच म्हणाले नाहीत. पुन्हा पुन्हा माझ्याकडे बघत होते, एवढंच.

फार शांत वाटलं. सुरक्षा मुळात आतून असावी लागते.

२० ऑगस्ट, बुधवार

डाव्या हाताला खरचटलं आहे, उजव्याने लिहिते. उजव्यानेच लिहिते म्हणा नेहमी.

शाळेतून येताना झिमझिम होती. खुशबू आज रजेवर होती. एक ट्रॅक्टर शेताच्या वाटेवरून सरळ रस्त्यावर आला. चालवणाऱ्याने वळून पाहिलं होतं, मी त्याचं तोंड पाहिलं. त्याला रस्ता दिसला, चिखल दिसला, मी दिसले नाही. मी गाडी बाजूला घेतली, आणि बाजूला रस्ता नव्हता. ट्रॅक्टर निघून गेला.

बांधीत गुडघाभर चिखल. गाडीचं पुढचं चाक अर्धं आत, हँडल वाकडं. मला फारसं लागलं नाही. चार ओळी रोवा मोडला, कोणाचा ते माहीत नाही. हाका मारल्या. दोन माणसं मोटरसायकलवरून गेली, एक एसटी गेली. कोणी थांबलं नाही. मग आठवलं आणि घाईने रेनकोट काढला. आतलं जॅकेट मानेतून शिरलेल्या चिखलाने गळ्यापासून खालपर्यंत भरलं होतं. पट्टीसुद्धा मातीची. हाताने पुसली, तर हातही मातीचेच.

तेवढ्यात फोन वाजला. बाबा. आवाज बारीक होता.

"तेजू, तू आज कोनालेच दिसली नाही. कुठं हायेस माय?"

मी म्हटलं, "बाबा, मधात थांबले आहे."

मग कोणत्या बांधीत ते सांगितलं.

बाबा मनिषच्या मागे बसून आले, भिजलेले, पायात एकच चप्पल. मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, मग गाडीला. गाडी ओढताना मनिषने सांगून टाकलं: बाबा रोज संध्याकाळी फोन लावतात. आधी पंपावर, मग सुंदरबाईंना, मग पुलाजवळच्या चक्कीवर. पोरगी गेली काय, बरी दिसली काय. लोक आपणहून काहीच सांगत नव्हते. आलूबोंड्याचं सुंदरबाईंनी यासाठी सांगितलं की पोरगी पावसात नाही, छपराखाली आहे. आठवडाभर कोणालाच मी दिसत नव्हते आणि बाबा मी घरी पोचेपर्यंत फाटकात उभे राहत होते.

बाबांवर रागवायचं असं मी बरेच दिवस ठरवलं होतं. जमलं नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

मुद्दे तयार केले होते. एक: चूक ट्रॅक्टरची. दोन: चूक रेनकोटच्या रंगाची, जॅकेटची नव्हे, उलट जॅकेटचा सिद्धांत यातून सिद्धच होतो. तीन: नोकरी.

बाबांनी बैलाच्या शिंगाला रंग लावता लावता सगळे ऐकून घेतले. दोन नंबरचा मुद्दा पटला म्हणाले. मग बैल घेऊन तोरणाखाली गेले.

मनिषने हँडल सरळ केलं, गाडी धुतली, आरशाला बेगड बांधली. कॅनचे हुकही लावले. आता कोंबड्या तरी बसणार नाहीत.

आईने जॅकेट तीन पाण्यांतून काढलं. पट्टीला काहीही झालेलं नाही. पाण्याने खराब होतात हे मी कुठे वाचलं होतं कोण जाणे.

२५ ऑगस्ट, सोमवार. दुपारची सुट्टी, स्टाफरूममध्ये

आजपासून एसटी. बाबा स्टँडवर सोडायला आले. त्यांनी स्वतःच्या हाताने जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावली. मी म्हटलं, बसमध्ये याची गरज नाही. म्हणाले, असू दे, दिसली पायजेस.

खिडकी गळत होती म्हणून उभीच राहिले, दाराजवळ. बस सुटली आणि पहिल्या सीटवरच्या आजोबांनी तिकीट काढून माझ्यासमोर धरलं. मग त्यांच्या शेजारणीने. मग मागच्या रांगेने. मी चेकर नाही हे समजावून सांगायला तोंड उघडलं, पण बस खड्ड्यातून जात होती आणि सगळे हात पुढे आले होते. दोघांची मी तपासली. बरोबर होती. मागचा एक तरुण पुढच्याच थांब्यावर घाईने उतरला. कंडक्टरनेही मला वाकून नमस्कार केला आणि पुढे सरकला.

लाखांदूरला उतरले तेव्हा प्रार्थना संपली होती. माझा पहिला तास हिंदीच्या मॅडम घेत होत्या, म्हणजे खुशबू. फळ्यावर तिने प्रकाशाचं परावर्तन बरोबर काढलं होतं.

आत्ता डबा उघडताना लक्षात आलं. कंडक्टरने मला तिकीट विचारलंच नाही. अख्ख्या गाडीत बिनतिकीट मी एकटीच होते.