गोळ्यांच्या बरण्यांतले कोळी

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

जिंतूर,
२३ जून २०२४

चि. महेश्वरीस,
शिवकांतचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडं सगळे खुशाल. रविवारी तू गावात उतरून फोन करतीस तवा आई स्पीकर लावती, अप्पांना ऐकू येत न्हाई म्हणून तुझी वहिनी त्यांच्या कानात ओरडून सांगती, आणि त्या गोंधळात मला बोलायचं ते राहूनच जातं. तुझ्या जंगलातल्या कॅम्पात रेंज नसली तरी जीपनं टपाल येतं म्हणालीस, म्हणून हे पत्र.

तर तुझे कोळी. आपल्याकडं रस्ता रुंद करताना चिंचेचं जुनं झाड पाडलं, त्याच्या ढोलीत त्या मोठ्या टॅरंटुला कोळिणीची अंड्यांची पिशवी सापडली, तुमच्या कॉलेजनं वनखात्याची परवानगी काढून पिल्लं वाढवायला घेतली, इथपर्यंत ठीक. पण ती आपल्या दुकानामागच्या खोलीत कामून? तू म्हणालीस, लॅबचं काम निघालंय, दिवाळीपर्यंतचाच प्रश्न हाय. मी उगं राहिलो. मला वाटलं, अप्पाच नको म्हणतील.

अप्पा! ज्या घरात आजवर अंडं आलं न्हाई, त्या घरात अप्पा सकाळची लिंगपूजा आटोपली की कपाळावर भस्म तसंच घेऊन त्या खोलीत शिरतात. गोळ्यांच्या रिकाम्या लहान बरण्या त्यांनी स्वतः धुतल्या. एक हिंगाची डबी होती, तिचा वास जाईना म्हणून दोनदा उन्हात ठेवली आणि शेवटी फेकून दिली. आपल्या अप्पांनी डबी फेकली, हे तुला खरं वाटतं का? दाभण तापवून भोकं पाडली. आता पिकली केळी ठेवून चिलटं जमवायलेत. आई बेजार झालीय. म्हणती, म्हातारपणी ह्यांना हे काय सुचलं.

तुला आठवत नसंल, तू पाळण्यात होतीस. मी सहावीत असताना गच्चीवर कबुतरं पाळली होती. धान्यात पिसं पडतात म्हणून अप्पांनी एका सकाळी ती लिंबाजी हमालाला देऊन टाकली. मी जेवलो न्हाई. जेवला का म्हणून कुणी विचारलं पण न्हाई. आणि आज त्यांनी चिलटांसाठी केळी सोलावीत! परवा झरीचा एक गिऱ्हाईक त्या बरण्या बघून थबकला. अप्पा त्याला म्हणाले की माझी मुलगी शास्त्रज्ञ हाय, हे तिचे हायेत. त्यानं माझ्याकडं बघितलं, तवा अप्पा म्हणाले, हा दुकान बघतो. बास, एवढंच. इतकी वर्षं मी दुकानच बघतोय, त्यात खोटं काय हाय म्हणा.

तब्येतीला जप. तुझा लोभ कोळ्यांना वाटून उरला तर आमच्याकडं पण पाठव.

तुझा,
शिवकांत

---

कॅम्प, मडिकेरीजवळ,
८ जुलै २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट उघडलं आणि जळका वास आला. मला वाटलं जीपवाल्याने विडी टाकली असेल, मग अक्षर ओळखलं. दादा, तू कोळ्यांवर जळतोस? इथे दोन दिवस मी एकटीच हसत होते. पाऊस इतका आहे की कपडे वाळत नाहीत, जळवा बुटात शिरतात, आणि त्यात तुझं पत्र म्हणजे मेजवानी.

आता कामाचं. अप्पांना मोठ्या अक्षरात सगळं लिहून दिलं आहे, तरी तुलाही सांगते, कारण कधी वेळ आली तर तूच बघशील. ही झाडावर राहणारी जात. तिला जमीन नको, उंची हवी, म्हणून बरणी उभी. तळाशी दोन बोटं नारळाचा भुसा आणि वर सालीचा तुकडा तिरपा टेकवलेला, म्हणजे त्याच्या मागे ती जाळ्याची नळी विणते. भोकं नुसती झाकणाला नकोत, बाजूंनाही हवीत. हवा आरपार गेली नाही तर आत बुरशी धरते. एकाच कडेला पाण्याचा हलका फवारा मारायचा, ते थेंब पितात. चिखल करायचा नाही. आणि एका बरणीत एकच. भावंडं एकत्र ठेवली तर एकमेकांना खातात. (तू आता काय म्हणशील ते मला इथे ऐकू आलं.)

खाणं त्यांच्या पोटाहून मोठं नको. लहानांना चिलटं, जरा मोठ्यांना रातकिड्याचं पिल्लू, आठवड्यातून दोनदा. पोट फुगून तुकतुकीत दिसलं आणि खाणं नको झालं, की समज कात टाकणार. तेव्हा बरणीत काहीही जिवंत ठेवायचं नाही. कात टाकताना कोळ्याचं अंग लोण्यासारखं असतं, साधा रातकिडाही त्याला कुरतडून टाकतो. हात लावू नकोस. चावतात, आणि सुटले तर डोळ्यांदेखत नाहीसे होतात.

अप्पांना म्हणाले होते, मला लिहीत जा. अजून एक ओळ नाही. त्यांना सांग. की तुझ्यामार्फतच सगळं कळायचं आहे मला?

आईला, अप्पांना नमस्कार, वहिनीला प्रेम. रागावलास तरी ममता ठेव, ही विनंती.

तुझीच,
महेश्वरी

---

जिंतूर,
२० ऑगस्ट २०२४

चि. महेश्वरीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

राखी पोचली, आईनं तुझ्या नावानं बांधली. आता जे लिहितो ते शेवटपर्यंत वाच.

मागच्या महिन्यात अप्पा आणि आई कानाच्या मशीनसाठी परभणीला गेले. जाताना अप्पांनी बजावलं की चौकोनी बरणीतल्याला काही घालू नको, तो कात टाकायच्या बेतात हाय. मला ते तुझ्या पत्रातूनही ठाऊक होतं. रिक्षा दारात उभी असताना अप्पा परत आत आले. मला वाटलं, मला काही सांगायला आले. पण ते सरळ त्या बरणीकडं गेले, डोळे बारीक करून बघितलं आणि निघाले. माझ्याकडं मान पण वळवली न्हाई.

मी हौदाजवळचा सगळ्यात मोठा रातकिडा धरला, त्या बरणीत सोडला, झाकण लावलं आणि गल्ल्यावर येऊन बसलो. मारायचंच होतं असं न्हाई. पण वाचावं असंही वाटलं न्हाई.

अप्पा संध्याकाळी आले ते आधी खोलीत. पिल्लू पाठीवर पडलेलं, अर्धं कातीच्या बाहेर, आणि रातकिडा त्याला खायला लागलेला. त्यांच्या कानात नवीन मशीन होतं तरी मी ओरडूनच सांगितलं की मी घातला, जाणून घातला. मला वाटलं, मारतील. त्यांनी रातकिडा चिमट्यानं उचलून परसात सोडला, बरणी धुतली, पालथी घातली. त्या दिवशी जेवले न्हाईत. दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर खोलीत न जाता गल्ल्यावर येऊन बसले आणि मला म्हणाले, आता तूच बघ. मला ती शिक्षा वाटली. भर बाजारात कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं.

पण बघायला लागलो. आधी धाकानं, मग सवयीनं. आठ-दहा दिवसांनी त्यातलं एक हसू यायसारखं झालं. पाणी मारायला झाकण काढलं आणि एक पिल्लू माझ्या मनगटावरून जे सुसाट सुटलं ते साखरेच्या पोत्यांमागं. मी हाक मारली. अप्पा आले. दुकानाचं शटर अर्धं ओढलं, गिऱ्हाइकांना सांगितलं माल मोजायलोय, आणि आमी दोघं बापलेक गुडघ्यांवर, एकाच्या हातात रंगाचा ब्रश, दुसऱ्याच्या हातात पेला. पोती हलवली, रद्दी हलवली, काही न्हाई. दमून बसलो तर अप्पांनी खुंटीवरची टोपी घातली आणि तशीच काढली. पिल्लू टोपीच्या काठावर! अप्पा इतके हसले की मशीन कानातून निसटलं. मी त्यांना असं हसताना कधीच बघितलं न्हवतं. तवापासून दोघं मिळून बघतो. दुपारचा चहा पण त्याच खोलीत घेतो. कोण किती वाढला यावर भांडतो.

मेलेल्याबद्दल तू काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन. भावावरची माया मात्र तोडू नको.

तुझा,
शिवकांत

---

कॅम्प, मडिकेरीजवळ,
६ सप्टेंबर २०२४

ती. दादास,
नमस्कार. वि. वि.

पत्र मिळालं. त्या पिल्लाने तुझं काही घेतलं नव्हतं. मला राग आला आणि तो अजून आहे. पण तू अप्पांसमोर उभं राहून सांगितलंस, मलाही लिहिलंस, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

खरं सांगू का दादा, रातकिड्याचं पान वाचलं तेव्हा राग आला. टोपीचं पान वाचलं आणि मी ओढ्यावर जाऊन रडले. जेवायच्या वेळी सगळे विचारत होते, घरी काही झालं का. काय सांगणार? की माझे वडील हसले आणि मी तिथे नव्हते?

तुला कबुतरं सलतात. मला काय सलतं ते कधी विचारलंस? दहावीला मी जिल्ह्यात पहिली आले, अप्पांनी सगळ्या बाजारात पेढे वाटले. घरी येऊन मला एक प्रश्न विचारला नाही. तुला मात्र दुकान बंद झालं की रोज विचारायचे, आज शेंगदाणा काय भावाने गेला, कोण काय म्हणालं, तुला काय वाटतं. मी दाराआड अभ्यासाचं पुस्तक धरून ते ऐकायचे. पंधरा वर्षं ऐकलं. शेंगदाण्याबद्दल मला कोणी काही विचारलं असतं तर मी भाव पाठ केले असते. माझी मुलगी शास्त्रज्ञ आहे, हे ते गिऱ्हाइकाला सांगतात. कसली शास्त्रज्ञ, हे त्यांना सांगता येणार नाही, कारण ते त्यांनी मला विचारलेलंच नाही.

लॅबचं काम निघालं होतं हे खरं. पण आमचे सिद्धोधन सर पिल्लं त्यांच्या घरी ठेवायला तयार होते. मीच नको म्हणाले. म्हटलं, अप्पांपाशी ठेवते. काही अडलं की मला विचारतील, लिहितील. एवढा खटाटोप मी त्यासाठी केला. आणि आता तेही तुझ्याकडे आले. दुकान तुझं, अप्पा तुझे, दुपारचा चहा तुझा. कोळी तेवढे माझे होते.

हे पत्र स्पीकरवर वाचू नकोस. लोभ मागत नाही. तो सगळा तिकडेच आहे.

महेश्वरी

---

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

जिंतूर,
१४ ऑक्टोबर २०२४

चि. महेश्वरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून लिहायला बसायलोय आणि उठायलोय. मला आजवर वाटायचं की अप्पांकडं जे काही हाय ते तुला मिळालं. तुला वाटायचं मला मिळालं. मग ते गेलं कुणाकडं?

शेवटी एका दुपारी चहाच्या वेळी अप्पांना म्हणलो, आधी मशीन नीट लावा. मग तुझं पत्र न दाखवता सांगितलं की महेश्वरी तुमच्या पत्राची वाट बघायलीय, माझ्या न्हाई. तुम्ही तिला कधी काही विचारत न्हाई याचं तिला लय वाईट वाटतं. अप्पांनी कप खाली ठेवून एक बरणी उजेडाकडं फिरवली. मग म्हणाले, मी तिला काय विचारू? मी सातवी शिकलेला माणूस. गुळाचं, तेलाचं विचारायचं तर मला कळतं. तिचं काही विचारायला गेलो आणि खुळ्यासारखं निघालं तर तिला माझी लाज वाटंल. ती लहान होती तवापासून मला तिचं भ्या वाटतं.

महे, आपल्या अप्पांना भ्या वाटतं. मला हे माहीत न्हवतं. मी म्हणलो, खुळ्यासारखं असलं तरी तेच विचारा.

मग दुकान बंद होतं त्या दिवशी अप्पा सकाळपासून कागद घेऊन बसले. आईला कळंना, मृत्युपत्र करायलेत की काय. मधी एकदा मला हाक मारली. मला वाटलं, शेजारी बसायला बोलावलं. तर शास्त्रज्ञ हा शब्द कसा लिहायचा ते विचारलं. मी लिहून दाखवला तसा त्यांनी गिरवला, आणि मी खालचं वाचायला लागल्यावर कागदावर हात ठेवला. त्या दिवशी कोळ्यांना खाणं मी एकट्यानंच घातलं. खोटं कशाला बोलू, आतून लय जळालो. मी जन्मभर त्यांच्या शेजारी बसलोय, पण मला लिहायची त्यांना कधी गरजच पडली न्हाई.

पाकीट त्यांनी भाताच्या शितानं चिकटवलं. जाड झालंय. मी पोस्टात वजन करून जास्तीचं तिकीट लावलं. तिथं खिडकीपाशी उजेडात धरून बघितलं, पण अप्पांनी कागदाच्या घड्याच इतक्या घातल्यात की काही दिसंना. शीत अजून ओलं होतं, उघडलं असतं तर कुणाला कळलं नसतं. मी तसंच पेटीत टाकलं. हे माझं पत्र पण त्याच्यामागोमाग टाकायलोय, म्हणजे दोन्ही एकाच जीपनं येतील.

पिल्लं आता पिल्लं राहिली न्हाईत. दोन-तीन तर एकेका मोठ्या बरणीत हलवली, त्यांनी वरपर्यंत नळ्या विणल्यात. वनरक्षक आले होते, डोंगराकडची ढोलीची झाडं बघून ठेवलीत म्हणाले, दिवाळीनंतर सोडू. अप्पांनी त्यांना सांगितलं की माझी मुलगी आल्याबिगर न्हाई. तवा लवकर ये.

अप्पांनी काय काय विचारलंय ते मला सांगू नको. ते तुझं हाय. फक्त त्यात माझं नाव कुठं आलं असंल तर आलंय एवढं कळव. काय लिहिलंय ते नको, नुसतं आलंय म्हण.

घरच्या सगळ्यांच्या मायेत माझीही मोज.

तुझा,
शिवकांत