सूड लाल शाईतच शोभतो

३ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
आजपासून ही वही लाल पेनने. निळ्या शाईत सुडाला वजन येत नाही.

काल मीटिंगमध्ये हेडसर म्हणाले, चित्रकलेची खोली रोबोट लॅबसाठी हवी आहे. माझी खोली! उत्तरेकडच्या तीन खिडक्या, दिवसभर एकसारखा उजेड. एकवीस वर्षं तिथे रंग शिकवतोय. आणि मागणी कोणाची? कॉम्प्युटरच्या नव्या मॅडमची. शाळेत येऊन जेमतेम चार महिने. स्टाफरूममध्ये शिरल्या की आधी फोन उंच धरून नेटवर्क शोधतात, म्हणून मी त्यांना वायफाय म्हणतो. मनातल्या मनात.

२१ तारखेला कमिटी येणार. जो शिक्षक रोबोट नीट चालवून दाखवेल, त्याची खोली. वायफाय माझ्याकडे बघून गोड हसल्या. त्या हसण्याचा अर्थ न कळायला मी काय दुधखुळा आहे? सही केली आणि किट नंबर दोन काखेत मारून घरी आणलं.

३ फेब्रुवारी, संध्याकाळी
किट उघडलं. दोन चाकांचा चपटा डबा. त्याला दोन सेन्सर. एक खाली बघून रंग ओळखतो. दुसरा प्रॉक्सिमिटी, म्हणजे समोर काही जवळ आलं की सांगतो. परीक्षा अशी: टेबलावर पट्टी हिरवी लागली की वेग वाढवायचा, लाल लागली की थांबायचं. समोर काही आडवं आलं तरी थांबायचं.

रंग! अहो मॅडम, रंगात माझ्याशी गाठ?

संकल्प: रोज एक तास प्रोग्रॅमिंग. वायफायशी बोलणं बंद. जिंकल्यावर बोलायचं, पण तुटक.

६ फेब्रुवारी
तीन दिवस बसणं झालं नाही. दोन दिवस केबल सापडत नव्हती. काल सापडली, त्या आनंदात राहून गेलं.

८ फेब्रुवारी, दुपारी
प्रोग्रॅमिंग म्हणजे काहीच नाही. स्क्रीनवर ठोकळ्याला ठोकळा जोडायचा. अमुक झालं तर तमुक कर. याच्या जोरावर ही बाई एवढा तोरा मिरवते!

पण प्रॉक्सिमिटी सेन्सर उद्धट आहे. मी जेवणाच्या टेबलाशी बसून रोबोट माझ्याकडे सोडला. टेबल संपायच्या वीतभर आधीच थांबला. लॅपटॉपवर अक्षरं: अडथळा आढळला. कसला अडथळा, समोर तर काहीच नाही, असं मी म्हटलं. आमची ही स्वयंपाकघरातून डोकावून म्हणाली, अहो, पोट.

खुर्ची मागे घेतली. अडथळा आढळला. श्वास आत ओढला. अडथळा आढळला. ही भाजी करपेपर्यंत हसत होती.

तो ठोकळाच काढून टाकला. आता बोल म्हणावं.

११ फेब्रुवारी
कट उघडकीस आला!

किटमधलं लाल कार्ड रोबोटखाली ठेवलं. सेन्सर म्हणाला, हिरवं. हिरवं ठेवलं. म्हणाला, लाल. वीस वेळा केलं. वीसही वेळा तोंडावर खोटं बोलला. दोन कार्डांतलं जे गडद ते लाल, हे मी लहानपणापासून जाणतो. लाल काय असतं ते मला सांगतोय! पहिल्या भेटीत हिने घातलेला लाल स्वेटर अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

बिघडलेलं किट वायफायने मुद्दाम माझ्या गळ्यात मारलं. नंबर दोन मी स्वतः उचललं, हे मान्य. पण ते पुढे कोणी ठेवलं होतं?

हिला कार्ड दाखवून कट समजावला. तिने कार्डाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाली, त्या मॅडमना एकदा विचारून घ्या ना. घरातच फितुरी! सुडाच्या यादीत हिचं नाव घातलं. तात्पुरतं.

१४ फेब्रुवारी
तोड काढली. नवा ठोकळा: सेन्सर हिरवं म्हणाला तर लाल समज, लाल म्हणाला तर हिरवं समज. खोटारड्याचं उलटं ऐकायचं, बस्स. माझ्या लाल कार्डावर रोबोट गपकन थांबला. दहापैकी दहा.

कार्डांच्या मागे नावंही लिहून ठेवली, उगाच कोणी वाद नको घालायला.

१८ फेब्रुवारी
वायफायने जिन्यात गाठलं. सर, सेन्सर कॅलिब्रेट केलात का, कार्डं दाखवून रंग जुळवलेत का, काही मदत हवी का, असं विचारत होत्या. घाबरल्यात. मी म्हटलं, मॅडम, रंग मला शिकवू नका. त्यांचा चेहरा उतरला. दिवसभर भूक छान लागली.

२० फेब्रुवारी
विजयाचं भाषण तयार. शेवटचं वाक्य: मॅडमनी वाईट वाटून घेऊ नये, अनुभव कमी पडला. आरशासमोर तीनदा म्हटलं. ‘अनुभव’वर थांबायचं.

हिने शर्ट, पँट, मोजे पलंगावर जोडीने मांडून ठेवलेत. गेली सतरा वर्षं ठेवते. मला कपडे निवडायला वेळ नसतो म्हणून.

२१ फेब्रुवारी, दुपारी ३
लिहायचं नव्हतं.

वायफायचा रोबोट आधी. लाल पट्टीवर थांबला. टाळ्या.

मग माझा. पट्ट्या कमिटीने स्वतः चिकटवल्या होत्या. पहिल्याच पट्टीवर थांबून राहिला. हेडसर म्हणाले, सर, हिरवीवर का थांबला? मी म्हटलं, ही लाल आहे. कोणीतरी हसलं, त्यांना वाटलं मी विनोद केला. रोबोट उचलून पुढे ठेवला. टेबलाच्या काठाशी शेवटची पट्टी होती, तिथे त्याने जो वेग घेतला! काठाला टेकून हेडसर उभे. समोर एवढा मोठा माणूस, पण अडथळ्याचा ठोकळा मीच काढलेला. त्यांच्या कमरेच्या बकलावर आपटून खाली स्टुलावरच्या पाण्याच्या जगमध्ये. जग हेडसरांच्या बुटांवर.

वायफायने माझा लॅपटॉप ओढला. उलटासुलटा ठोकळा वाचला. माझी कार्डं उलटून मागची नावं वाचली. मग माझ्याकडे बघितलं, हुबेहूब हिच्यासारखं. आता मॅडम सगळ्यांसमोर माझं नाक कापणार.

कमिटीकडे वळून म्हणाल्या, किट दोनचा सेन्सर खराब आहे, चूक माझी, मी सांगायला विसरले. आणि म्हणाल्या, खोली सरांचीच राहू द्या, मला कोपऱ्यातलं एक टेबल पुरेल.

कमिटीने मान डोलावली. भाषण खिशात राहिलं.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळी
हिला विचारलं. सरळच. तुला कधीपासून माहीत आहे?

म्हणाली, पहिल्या भेटीपासून. मी हिरवा स्वेटर घातला होता. तुम्ही म्हणालात, लाल रंग तुम्हाला फार शोभतो. इतकं मनापासून म्हणालात की दुरुस्त करवेना. मग राहूनच गेलं.

मी म्हटलं, सतरा वर्षं? ती म्हणाली, मोजे बरोबर होते ना?

मग वहीकडे बोट दाखवून हळूच म्हणाली, वाचलं नाही हो मी, पण इतके दिवस एवढं रागारागाने काय लिहिताय हिरव्या पेनने?

२२ फेब्रुवारी, रविवार
हे निळं पेन. हिला विचारून घेतलं.

सुडाची यादी खोडली. दोनच नावं होती.

उद्या पहिला तास सातवीचा, विषय रंगचक्र. मॅडमना फोन केला. तुटक बोलायचं ठरवलं होतं, जमलं नाही. किट नंबर दोन रोज माझ्या टेबलावर ठेवलं तर चालेल का, एवढंच विचारलं. त्या म्हणाल्या, चालेल सर, पण तो उलटा ठोकळा तेवढा काढून टाका.