अंबाडीच्या सालीचं औषध

बडनेरा, डिसेंबर, रविवार संध्याकाळ

बाबांचा उजवा अंगठा. आज दुसरं काही डोक्यात येतच नाही.

लकवा मारल्यापासून उजवा हात नुसता पडून असतो. व्यायामाचा रबरी चेंडू दिला की बाबा तो डाव्या हाताने भिरकावतात. ‘मी काय लेकरू आहो?’

अंबाडीची औषधं मला दोनच ठाऊक. पित्तावर फुलांचा रस, खडीसाखर घालून. तोंडाला चव नसली की पाल्याची आंबट भाजी. आज दादाने नांदगावच्या शेतातून वाळलेल्या अंबाडीच्या सालीचा वाख आणला, माझ्या कुंडीतले वेल बांधायला. बाबांच्या खाटेजवळ बसून मी त्याची दोरी वळत होते. बाबा बघत होते. शेवटी राहवलं नाही त्यांना.

‘असा दोर वळते का कोनी? आण इकडे!’

टोक मी खाटेच्या पायाला बांधून दिलं. वाख दोन्ही तळव्यांत धरला त्यांनी. उजवा हात नुसता ठेवलाय, असं मला वाटलं. मग तो अंगठा हलला. भास झाला का? नाही, पुन्हा हलला! वीतभर दोर झाला, ओबडधोबड, पण पीळ सुटला नाही. काय चिवट झाड आहे हे! जन्मभर याच सालीचे दोर वळले बाबांनी. विसरला नव्हता तर हात.

ताट वाढलं. ‘पुरे बाबा, सोडा आता,’ म्हणत मी दोर ओढला.

सुटेना. पाहिलं, तर उजव्या मुठीत होता.

‘थांब ना वं,’ बाबा म्हणाले.