माझा रात्रीचा ब्रश आणि आईची मिसरी

१ डिसेंबर, टोकावडे

आज घरी मोठं काम केलं. आईची मिसरी बंद. लग्नाआधीपासून भाजलेली तंबाखू हिरड्यांना चोळणारी बाई, पण माझं लेक्चर ऐकून डबीच हातात दिली नि माझ्याकडून नवा ब्रश घेतला. अट एकच. तिनं मिसरी लावायची नाही, मी रात्रीचा ब्रश चुकवायचा नाही. डेंटलच्या थर्ड इयरला असलेल्या माणसाला ही काय अट झाली?

प्रवासानं अंग आंबलंय. करार उद्यापासून धरायचा.

४ डिसेंबर, होस्टेल

आईचा फोन. जेवलास का, दात घासलेस का. दोन्हीला हो म्हणालो. जेवलो होतो.

तिचं डोकं दुखतंय, पोट साफ होत नाही. थोडे दिवस त्रास होणारच, मनाचा निग्रह पाहिजे, असं समजावलं. समजावण्यात पाऊण तास गेला. मग उठवेना.

९ डिसेंबर

रूममेट भाविक रोज झोपताना ब्रश करतो. दिखाऊपणा आहे. तो बेसिनपाशी होता तेव्हा मी ब्रशिंगचा चॅप्टर दुसऱ्यांदा वाचला. थिअरी पक्की.

फ्लॉस आणलाय. पाकीट फोडलं नाही, ताजा राहील.

१८ डिसेंबर

आईवर संशय. आज फोनवर आवाज फारच खुशीत होता. शेजारच्या धोंडूबाईकडून चिमूटभर घेत असणार. स्पष्ट विचारलं. ती म्हणाली, तुला सबूद दिलाय ना.

विश्वास ठेवला, पण पूर्ण नाही. माणसं फोनवर काहीही सांगतात.

५ जानेवारी

आमच्या तालुक्यातल्या म्हसा गावच्या जत्रेत कॉलेजचा कॅम्प आहे. लाल गोळीचा डेमो करायचाय. गोळी चावायची, चूळ भरायची, दातांवर जिथे घाण तिथे लाल रंग राहतो. स्वच्छ तोंडाचा कोण आहे, मॅडमनी विचारलं. भाविक म्हणाला, आपला आदेश रात्रीचा ब्रश कधीच चुकवत नाही, रोज आईला फोनवर सांगतो.

चेहरा एकदम गंभीर होता, त्यामुळे मनापासूनच बोलला असेल. अजून दहा दिवस आहेत. आठ दिवस घासले तरी पुष्कळ. आईलाही बघायला बोलावलं.

१४ जानेवारी

राहून गेलं. उद्या सकाळी जोर लावून घासतो.

१५ जानेवारी

दगा झाला.

सकाळी हिरडीतून रक्त येईपर्यंत घासलं होतं. मंडपात गोळी चावली, चूळ भरली, लोकांकडे बघून हसलो. पुढच्या रांगेतून धोंडूबाईनं विचारलं, डाक्टरनी पान खाल्ला काय. सगळा मंडप हसला. मॅडम हसल्या नाहीत, ते जास्त लागलं. भाविकनं माझ्यापुढे आरसा धरला. मित्र म्हणे!

मग आई उठली, मलाबी द्या म्हणाली. तिच्या दातांवर मिसरीचे जुने काळे डाग होते, पण लाल जवळजवळ नाहीच. मॅडमनी लोकांना बोलावून बोलावून तिचं तोंड दाखवलं. ती मात्र माझ्याकडे बघत होती.

"मंग रोज फोनवर कोनाचे दात घासत व्हतास रे?"

गोळ्यांची बॅच खराब असेल, असं सांगणार होतो. तेवढ्यात ती बैलबाजारातून एसटीकडे निघालीसुद्धा. मला हाकही मारली नाही.

१९ जानेवारी

धोंडूबाईचा फोन. आईनं तंबाखू आणून तव्यावर भाजली, मिसरीचा वास आळीभर पसरलाय, तूच काय ते सांग म्हणाली. म्हणजे शब्द मोडला! दीड महिना मी तिच्यासाठी जीव तोडून बोललो, त्याची ही किंमत. जन्मदात्या आईनं असं करावं? भाविकला सांगितलं तर तो ब्रश घेऊन बेसिनकडे गेला.

मला कॉलेजात तोंड दाखवायची सोय राहिलेली नाही.

जुनी डबी माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे. तिनं परत मागितलीसुद्धा नाही.

२२ जानेवारी

आज रात्री ब्रश केला. खरंच केला. फ्लॉसचं पाकीटही फोडलं. मग फोन हातात घेऊन बसलो.

आईचा फोन आला. जेवलास का, विचारलं. हो म्हणालो आणि पुढच्या प्रश्नासाठी थांबलो.

बरं, झोप मंग, म्हणाली.