गोंदियात गुड्डी रडली नाही

९ डिसें.
शालूच्या माहेरचे येऊन गेले. तिरोड्याचं स्थळ पक्कं. पौष सरला की लग्न. माझा मनोज गेल्याला दीड वर्ष झालं, सत्तावीस वर्षांच्या सुनेला घरात बांधून ठेवायचं का? हे मीच चार लोकांत बोलले, स्थळही मीच पाहिलं. नातीचं मात्र कोणी काही बोललं नाही. गुड्डी अडीच वर्षांची. बोलणी चालली होती तेवढ्यात पाहुण्यांची चप्पल टाक्यात बुडवून आली.

१० डिसें.
शेवटी मीच गुड्डीचा विषय काढला. शालू तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तिकडले लोक आण म्हणून राहिले. पण आई, तुमचा जीव तिच्यातच हाय, मले का दिसत नाही? एक दिवस माझ्याविना तुमच्यासंगं राह्यली त ठेवा. रडून मले मागितलं त नेईन."
मी हो म्हटलं. लगेच. विचारही केला नाही.
हे ऐकत होते. म्हणाले, "पोट्टीची परीक्षा घेऊन राहिल्या का दोघी?" म्हटलं, तुम्ही आपलं धान पाहा.

११ डिसें.
गावात जमायचं नाही. इथे दर अर्ध्या तासाने आईच्या पदराखाली शिरते. गोंदियालाच नेते, रविवारी. अंगणवाडीला सुट्टी.
अंगणवाडीत बावीस वर्षं हेच काम केलं. लेकरू आईपासून सोडवायचं तर आधी काहीतरी दाखवायचं, आई मागच्या दाराने जाते, टाटा करायचा नाही. तसंच करायचं.
सकाळची एस.टी. बाग, घसरगुंडी. मग स्टेशनचा पूल, गाड्या. जिलेबी. चारच्या गाडीने परत. फ्रॉक दोन, पाणी, मुरमुरे. एक ओढणी, तिच्या कमरेला बांधून टोक हातात धरायला. ही पोरगी मागच्या बाजारात एका ठेल्याखालून गेली आणि पलीकडून टमाटर घेऊन निघाली. गोंदियात सुटली तर शोधायची कुठे?

१३ डिसें.
पिशवी भरली. गु. तीनदा पिशवीतच जाऊन बसली. शालूने गुपचूप आपल्या जुन्या साडीचा तुकडा आत ठेवला होता, गु. तो गालाला लावून झोपते. मी काढून माझ्या पेटीत टाकला. वास आला की आईची आठवण येते, हे मला कोणी शिकवायला नको.
चूक केली का? असू दे. एका दिवसाचा तर प्रश्न.

१४ डिसें., रविवार
माकडं दाखवत गाडीत बसवली. शालू घरामागे. वाटेत कोहमारा आलं तेव्हा गु.ने विचारलं, "आई?" म्हटलं, येते. त्यानंतर दिवसभरात एकदाही नाही.
ओढणी लागलीच नाही. माझं बोट धरून चालली. घसरगुंडीवर बसवली तर बसून राहिली. घसर म्हटलं तेव्हा घसरली. पुलावरून दोन गाड्या पाहिल्या. म्हणजे मी पाहिल्या. ती उतरणाऱ्या बायका पाहत होती. जिलेबी मुठीत धरली ती गावापर्यंत तशीच. दुकानदार म्हणाला, "बड़ी समझदार बच्ची है, माँजी. हमारेवाले तो नाक में दम कर देते हैं." मी हसले. मेल्या मनाने हसले.
घरी शालू अंगणात उभी. गु. तिच्याकडे धावली नाही, माझ्या मागे उभी राहिली.
"रडली का?"
"नाही."
"मले मागितलं?"
"नाही."
शालू म्हणाली, "मंग राह्यते म्हणा ते." आणि आत गेली. चुलीकडे तोंड करून किती वेळ बसली होती.
मला आनंद व्हायला हवा होता.

१५ डिसें.
अंगणवाडीत आज नवीन मुलगा. टाहो फोडला. त्याची आई त्याला उचलून परत निघाली. मी दरवेळेस सांगते तेच सांगितलं, "रडते त रडू दे वो. चार दिवसांत रुळते. जे लेकरू गुमसुम बसते नं, त्याची मले भीती वाटते. त्याच्या आईले मी घरून बोलावून..."
ती बाई माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.
घरी आले. अंगणात सगळ्यांच्या चपला जोडीने, जागच्या जागी. टाकं स्वच्छ. गु. उंबऱ्यावर बसलेली, हातात काही नाही.
आता शालू फोन घेऊन बसली आहे. तिरोड्याला सांगायचं आहे. "आई, लावू ना फोन? पोरगी इथंच राह्यते म्हणून सांगू ना?" दोनदा विचारलं.
साडीचा तुकडा पेटीतून काढून मांडीवर घेतला आहे. गु. उंबऱ्यावरून माझ्याकडे पाहते आहे.