अम्मीच्या खोलीचा रंग

अब्बा, अम्मीच्या खोलीला मी गडद निळा रंग दिलाय. तुम्ही असता तर माझ्या हातातला ब्रश हिसकावून घेतला असता, म्हणून आधीच सांगून टाकते: या वेळी तुम्ही चुकला असतात.

आष्ट्यातल्या आपल्या घराला तुमचा तो फिकट बदामी. रंगाच्या कामावर गेलात की लोकांनी काहीही मागू दे, तुम्ही शेवटी त्यांच्या गळ्यात फिकटच मारायचात. तरी पद्धत सोडायचा नाहीत. शेडकार्डावरच्या छापील नमुन्यांवर तुमचा भरवसा नव्हता. गडद आणि फिकट, दोन्हींचे हातभर पट्टे भिंतीवर ओढायचे आणि तीन दिवस त्या घराकडे फिरकायचं नाही. घरच्यांनी सकाळी बघावं, दुपारी बघावं, दिवा लावल्यावर बघावं, मग बोलावं. एकदा मी ओला पट्टा बघूनच एका गिऱ्हाइकाला गडद जांभळा कबूल केला, तर तुम्ही सगळ्यांदेखत ओरडलात, "घरात माणसं ऱ्हाणार हायती का वटवाघळं?" मला लय राग आला होता. पण आज शिरवळला माझी स्वतःची रंगाची कामं चालतात, ती त्या तीन दिवसांच्या पट्ट्यांवरच.

अम्मीला मी आता इकडे आणलीय. तुम्ही गेलात तेव्हा ती बिनचष्म्याची सुईत दोरा ओवायची; आता नजर फार अधू झालीय. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढी टिकली तरी पुष्कळ. माझ्याकडे भिंत बदामी, चौकट पांढरी, तिला दोन्ही सारखंच. आली त्याच आठवड्यात दोनदा चौकटीवर आपटली, कपाळाला टाके पडले. मग मी तिच्या खोलीत पट्टे ओढले, दिव्याच्या एका बटणाभोवती ताजा बदामी, दुसऱ्याभोवती निळा. तिसऱ्या दिवशी ती उठली आणि निळ्यातलं पांढरं बटण तिनं न चाचपडता दाबलं. माझं काळीज सुपाएवढं झालं.

पण अम्मी अडून बसली. "त्येंनी जल्मात कवा आपल्या घरात आसला काळाकुट्ट रंग लावला न्हाई. मी बी लावू देणार न्हाई. पडले तर पडले." आणि रडायलाच लागली. माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, अब्बाच मला म्हणाले होते. तुझ्या अम्मीला दिसंना झालं तर भिंत गडद कर म्हणून."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "व्हय, ठावं हाय. मला बी बोलले हुते."

आता ती दारातून ताठ चालत जाते आणि येईल त्याला सांगते, त्येंनी पसंत केलेला रंग हाय. मी मान डोलावते. तिला चिठ्ठ्या, औषधांचे कागद, सगळं मीच वाचून दाखवते. तुम्हाला लिहिलेलं हे तेवढं वाचून दाखवणार नाही. खोटं आधी मी बोलले, हे कबूल. पण तिनं तसं म्हटल्यावर, अब्बा, घटकाभर मलाही वाटलं, तुम्ही खरंच बोलला असाल.