शिंगावरच्या लाल पट्ट्या

मुंबई, ८ ऑक्टोबर २००३

तीर्थरूप आबांस, महेंद्रचा जय भीम.

मी खुशाल हाय. आगीच्या बंबाचं ट्रेनिंग झ्याक चाललंय. बंब चालवायची परीक्षा पहिल्याच झटक्यात पास झालो. बोटाला जरा भाजलं व्हतं, आता बरं हाय, पण आईला सांगू नका. तिचा गुडघा कसा हाय?

आपल्या धाकट्या प्राचीचं पत्र आलं. ग्रामपंचायतीनं बैलगाडीला लावायला दिलेल्या चमकत्या लाल पट्ट्या तुम्ही बैलांच्या शिंगांना बांधल्या म्हणं! शोभत असतील, पण आबा, ट्रक मागनं येतो. पट्ट्या आजच सोडा आन् गाडीच्या मागच्या फळीवर ठोका.

पुढच्या महिन्यात दौंडला द्यायचा नवा बंब घेऊन आपल्याच रस्त्यानं मी बी मागनंच येणार हाय. मला तुम्ही लांबनंच दिसायला पायजे.

तुमचा,
महेंद्र